बिनपिस्टनची गाडी

मामांना ऐकू येत नव्हतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या मते बिघाड जगात होता. "पयली मान्सं कशी खणखणीत बोलायची! आता जो तो पुटपुटतोय," असं ते एवढ्या मोठ्यानं सांगत की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला दचकून ब्रेक दाबायचा. चाळीस वर्षं दौंडच्या रेल्वे लोको शेडमध्ये बॉयलरच्या पोटात बसून हातोडे मारलेला माणूस. कान शाबूत राहिले असते तरच नवल. पण हे त्यांना कबूल नव्हतं. दारात कुणाचेही ओठ हललेले दिसले की ते हात जोडून "जयभीम, जयभीम!" म्हणत. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस आधी पत्ता विचारत उभा राहायचा. पुढे पुढे तोही जयभीम घालूनच आत यायला लागला.

शिरूरला मी त्यांच्या घरी दोन वर्षं भाड्यानं होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सणसवाडीच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात नवीनच लागले होते. तिथे खोल्या मिळायच्या, पण एकेका खोलीत पाच-पाच जण. एकट्या मुलीला ते जमण्यातलं नव्हतं, म्हणून मी एसटीचा प्रवास पत्करून शिरूर गाठलं. खोली बघायला गेले तेव्हा गाव कुठलं, घरी कोण कोण, लग्न कधी करणार, हे सगळं मामींनी विचारून घेतलं. मामा माझ्या तोंडाकडे एकटक बघत बसले होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मायक्रोमीटर लावता येतो?"

"ते तर माझं कामच आहे."

"मग खोली दिली."

तेव्हापासून मी त्यांची 'इन्स्पेक्टरबाई' झाले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. समोर आलेला प्रत्येक जॉब मोजायचा आणि पास किंवा रिजेक्ट लिहून सही करायची, हा अधिकार चोविसाव्या वर्षी मिळाला की डोक्यात जातो. माझ्याही गेला होता.

घराच्या मागे पत्र्याची शेड होती. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून त्या शेडमधल्या मामांच्या लोखंडी स्टुलापर्यंत भिंतीला भोक पाडून अर्ध्या इंचाचा एक पाइप गेला होता. मला आधी वाटलं पाण्याचा असेल. दुसऱ्या दिवशी मामींनी लाटण्यानं त्याच्यावर एक ठोका दिला आणि मामा चहाला हजर झाले. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे कुणी आलंय, तीन म्हणजे असाल तसे या. ठोका पाइपातून स्टुलात आणि स्टुलातून मामांच्या अंगात पोचायचा. "टेशनाटेशनात घंटी वाजती, तसंच की," असं मामा सांगत. त्यात कानाचा काही संबंध आहे हे त्यांनी कधी ओठावर येऊ दिलं नाही. मामींनीही नाही. संसार असाही होतो.

आणि त्या शेडमध्ये ती मोटारसायकल होती.

ती मामांनी मी यायच्या आधीच दौंडजवळच्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. कुणी परदेशी माणूस पुण्यात सोडून गेला आणि हस्ते परहस्ते ती तिथे आली, एवढंच कळत होतं. टाकी मोठी, सीट लांब, आणि इंजिन एखाद्या डब्यासारखं. सोबत रेल्वेतून निवृत्त झालेले, दौंडलाच राहणारे त्यांचे जोडीदार गार्डकाका होते. दोघांनी मिळून इंजिनाचं झाकण उघडलं. आत पिस्टन नाही! व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. फुगीर पोटाचा एक लोखंडी त्रिकोण तेवढा बसवलेला. गार्डकाकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "चोरांनी पिस्टन काढून न्हेलाय." मग खडू घेऊन त्यांनी टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पिस्टन गहाळ'. वर मामांना म्हणाले, "ही गाडी दौंडाला चालवत आण, मंग बोल."

एवढं पुरे होतं. खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लोको शेडमध्ये लागून पहिल्या नंबरचा फिटर झालेल्या माणसाला 'होणार नाही' हा शब्द म्हणजे हुकूमच असतो.

यानंतरची गोष्ट मामी पदर तोंडाला लावून सांगत. मामांनी पुढचं दीड वर्ष तो हरवलेला पिस्टन शोधला. दर रविवारी पुण्याला जुन्या बाजारात जायचे. मापाचा म्हणून एकदा डिझेल पंपाचा आणला, एकदा ट्रॅक्टरचा. कुठलाच बसेना. मग एके दिवशी जेवता जेवता घास हातात धरून ते उठले, शेडमध्ये गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, याला पिस्टन नव्हताच! ह्यो त्रिकोनच फिरतोय!"

"दीड वर्सानं उजाडलं," मामी म्हणायच्या.

ते रोटरी इंजिन होतं. आत काहीच वरखाली होत नाही. त्रिकोण गोल गोल फिरतो, त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे होतात आणि प्रत्येक कप्प्यात पाळीपाळीनं पेट्रोल पेटतं. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन पातळ पट्ट्या असतात. त्या भिंतीला घासून फिरल्या तर कप्प्यातली हवा कप्प्यात राहते. या गाडीच्या तिन्ही पट्ट्या झिजून मोडल्या होत्या, आणि नवीन मिळायला दुकान उभ्या हिंदुस्थानात नव्हतं.

मामांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून काळे ठोकळे काढले. रेल्वे इंजिनाच्या मोटरीत कार्बनचे असे ठोकळे बसवतात. झिजले की फेकून देतात. मामांनी ते भंगारातून जमा करून ठेवले होते, कशासाठी ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. "हे घासून घासून मऊ पडतंय, पर भितीला वरखडा काढीत न्हाई. ह्याच्याच पट्ट्या करू." आठ दिवस कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ते बसले होते. तोंड, हात, बनियन सगळं काळं. मामींनी त्या आठवड्यात त्यांना पांढऱ्या चादरीवर झोपू दिलं नाही.

तीन पट्ट्या तयार झाल्या तेव्हा त्यांनी त्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिल्या. मी कारखान्यातल्या आमच्या साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत त्या मोजल्या. जाडी तीन ठिकाणी घेतली. एकीत वीस मायक्रॉन जास्त होते, ती त्यांनी परत घासली. मग मी कागदावर झोकात लिहून दिलं, 'तीनही पट्ट्या पास', आणि खाली सही ठोकली. मामांनी तो कागद शेडमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला लावला.

इंजिन चालू झालं त्या दिवशी अर्ध्या गल्लीत निळा धूर भरला. तेलाचा पंप बाद असल्यामुळे मामा पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल ओतत. शेजारीण वाळत घातलेले कपडे काढता काढता जे बोलली ते मामांना ऐकू आलं नाही हे बरंच झालं. तिच्याकडे बघून त्यांनी जयभीम केला.

आता मला त्यांच्या दातांबद्दल सांगायला हवं. कारण खरी लढाई तिथेच झाली.

मामांकडे हातोड्याचा एक जुना बाभळीचा दांडा होता, हात लागून लागून काचेसारखा गुळगुळीत झालेला. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दाढेखाली धरायचं आणि डोळे मिटायचे. मग इंजिनातला आवाज लाकडातून दाढेत आणि दाढेतून डोक्यात येतो. लोको शेडमध्ये बेअरिंगची खरखर ते असंच पकडायचे म्हणे. त्यांच्या तोंडात त्या वेळी मोजून सात दात उरले होते, आणि त्यांत एकमेकींवर टेकणाऱ्या दाढांची जोडी एकच होती, उजवीकडची. खालची दाढ किडलेली. सहा महिन्यांत ती तीनदा सुजली. मामांना साखरेचा आजार. गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आजोबा, ही दाढ काढायला हवी. पू वर चढला तर जिवावर बेतेल."

मामांनी त्यांच्या ओठांवरून ते अगदी बरोबर वाचलं आणि म्हणाले, "इंजिन लागू द्या. मंग समदे काढा."

'लागणं' म्हणजे सूर लागणं. गाडी चालू होत होती, पण लागत नव्हती. मामा दांडा चावून ऐकायचे आणि बोटांनी मांडीवर वाजवून दाखवायचे. एक ठोका भरदार, दोन पोकळ. एक भरदार, दोन पोकळ. अशी गाडी घराच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि चढावर मान टाकायची. मामांना तीनही ठोके सारखे हवे होते, त्यात केसभरही कमी नको.

तीन महिने ते झगडले. कार्ब्युरेटर पंधरा वेळा खोलला. प्लग बदलले, पॉइंटची फट बदलली, सायलेन्सर जाळून साफ केला. गाल सुजला की लवंगेचं तेल लावलेला कापूस कोंबायचा आणि दुसऱ्या दिवशी परत दांडा दाढेत. दुखून डोळ्यांत पाणी यायचं, पण दांडा सुटायचा नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, पट्ट्या काढून बघू या का?"

त्यांनी फोटोखालच्या कागदाकडे बोट केलं. "पट्ट्यांचं नाव काढू नका. त्या पास हायेत."

मामींची तर वेगळीच कुचंबणा. एकदा पोळ्या लाटताना मला म्हणाल्या, "पोरी, दाढ काढा म्हनून मी रोज म्हंते. पर ती दाढ न्हाई, त्यांचा कान हाय. कान काढा म्हनून कसं सांगू?"

पण एका सकाळी मामांचा गाल डोळ्यापर्यंत चढला, अंगात ताप. तरी ते शेडमध्ये जाऊन बसले. मामींनी त्या दिवशी भांडण केलं नाही. लाटणं धुऊन फडताळात ठेवलं आणि पाइपाला हात लावला नाही. चहाचा ठोका नाही, कुणी आल्याचा ठोका नाही. मामा स्टुलावर बसून वाट बघत राहिले. आपणहून आत येऊन जेवून जायचे, बायकोच्या तोंडाकडे बघायचे, तिचे ओठ बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यातून लवकर आले तर मामा अंगणात चपला घालून उभे. चेहरा उतरलेला.

"हिनं वाजवायचंच बंद केलंय," ते मला म्हणाले. "चला दवाखान्यात. पाइप मुका झाल्यावर घरात ऱ्हायचं कसं?"

त्या दिवशी दाढ गेली, पुढच्या दोन आठवड्यांत उरलेले दातही गेले. कवळी आली. कवळीनं दांडा चावला की नुसती कवळीच हलायची, आत काही पोचायचं नाही. मामांनी चार-पाचदा करून बघितलं. मग दांडा खिळ्याला टांगला आणि गाडीवर जुनी सतरंजी टाकली. मला वाटलं, संपलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतकं का लागलं होतं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते दांडा घेऊन माझ्या दारात उभे. राखेनं घासून धुतलेला.

"चावा," ते म्हणाले.

"मी?"

"तुमचे बत्तीसच्या बत्तीस हायेत. लाकडाचे हायेत काय?"

मी नाक मुरडत दांडा दाढेखाली धरला. मामांनी किक मारली. आणि इंजिन एकदम माझ्या डोक्यातच चालू झालं! बाहेरून नुसती घरघर ऐकू येणारी ती गाडी आतून इतकी स्पष्ट बोलत होती की मी दचकून दांडा सोडला. परत धरला. एक भरदार, दोन पोकळ. मामांनी तळहात पुढे केला. मी डोळे मिटून त्यावर बोटानं तसंच वाजवलं. ते मान डोलवत म्हणाले, "व्हय. हेच. अजून तसंच हाय."

संध्याकाळपर्यंत ते ठोके माझ्या डोक्यातून जाईनात. मी वहीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढला. तीन कप्पे, तीन पट्ट्या. दोन कप्पे हवा सोडतायत. त्या दोन कप्प्यांच्या मध्ये काय आहे? एक पट्टी. एकच पट्टी दोन्हीकडे गळत असेल, तर एक ठोका भरेल आणि दोन पोकळ जातील. आणि मग आठवलं. जाडी मोजली होती मी. लांबी मोजलीच नव्हती.

इंजिन खोललं. आवाजावरून नेमकी कुठली पट्टी ते कळण्यासारखं नव्हतं, म्हणून तिन्ही पट्ट्या मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेल्या. त्यांतली एक पट्टी एका टोकाला तीनशे मायक्रॉननं आखूड निघाली. कार्बनचा ठोकळा झिजताना एका कडेला गोलसर झिजतो, त्या कडेजवळून ती कापली गेली होती. डोळ्यांना ते दिसलं नसतं. मापाला दिसलं असतं, पण मी माप लावलं नव्हतं. सही मात्र लावली होती. त्या सहीपायी एक म्हातारा माणूस तीन महिने पू भरलेल्या दाढेनं लाकूड चावत होता.

घरी येऊन मी सांगितलं, "मामा, चूक माझी आहे."

"आं? मोठ्यानं बोला की."

"चूक माझी आहे! मी लांबी मोजली नव्हती!"

माझा कबुलीजबाब अख्ख्या गल्लीनं ऐकला. शेजारीण खिडकीत आली. मला रडू फुटलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते, मग पट्टीकडे, मग फोटोखालच्या कागदाकडे. मी वाट बघत होते की ते तो कागद फाडतील.

"मी दीड वर्स पिस्टन हुडकला," ते म्हणाले. "तुम्ही तीनच म्हैनं चुकला. अजून लई बाकी हाय तुमचं." आणि बिस्किटाचा डबा माझ्यासमोर सरकवला. "आता रडत रडत कानस चालवा. थांबून रडायला टायम न्हाई."

ती पट्टी मी स्वतः घासली. जाडी मोजली, लांबी मोजली, दोन्ही टोकं मोजली, परत मोजली. तोंड काळं झालं ते मामींनी खोबरेल लावून पुसून दिलं. मग इंजिन जोडलं. मी दांडा चावून बसले, माझं बोट मामांच्या डाव्या तळहातावर आणि त्यांच्या उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. मी वाजवीन तसा ते कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवायचे. थोडा आत, थोडा बाहेर. किती वेळ गेला कोण जाणे. पण एका क्षणी तीनही ठोके सारखे पडायला लागले. सारखे म्हणजे सारखे. त्यांत कुठलाच पहिला नव्हता आणि कुठलाच तिसरा नव्हता. मी तेच त्यांच्या हातावर वाजवलं. मामांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि तळहात मिटून घेतला, माझं बोट आतच.

गाडी दौंडला पोचली, हे आत्ताच सांगून टाकते. गार्डकाका चौकात उभे होते. त्यांनी दोनदा खाली वाकून इंजिनाकडे बघितलं आणि विचारलं, "मंग पिस्टन कुठं घावला?" मामांनी त्यांना समजावून सांगायला घेतलं ते दुपारच्या जेवणापर्यंत संपलं नाही. तो दिवस आनंदाचाच होता. पण मला दौंड आठवत नाही तितका त्याच्या अलीकडचा रस्ता आठवतो.

मागच्या सीटवर मी बसावं असं मामींनीच ठरवलं. मामांना मागून येणारी गाडी कळणार नाही, हे त्या बोलल्या नाहीत. "हिलाबी दौंड दाखवा," एवढंच म्हणाल्या आणि निघताना माझ्या कानात सांगितलं, "पाठीवर वाजवत ऱ्हा." खुणा आम्ही ठरवल्या. एक टिचकी म्हणजे आवाज ठीक आहे, दोन म्हणजे मागून गाडी येते आहे, तीन म्हणजे थांबा. न्हावरा मागे पडलं. दोन्हीकडे ऊस. गाडी अशी चालली होती की सीटखाली इंजिन आहे यावर विश्वास बसू नये. या इंजिनाची हीच मजा. वरखाली काही हलत नाही, त्यामुळे हादरा म्हणून नाही. मी कान देऊन ऐकत होते आणि थोड्या थोड्या वेळानं मामांच्या खांद्यावर एकेक टिचकी देत होते. ठीक आहे. ठीक आहे.

पारगावच्या अलीकडे नदीचा पूल लागला. भीमा भरून वाहत होती, काठाला कुणी म्हशी धूत होतं. मी बघत राहिले. बोट कधी थांबलं ते मला कळलंही नाही.

पूल संपल्यावर मामांनी गाडी एकदम बाजूला घेतली. पाय टेकवून मागे वळले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बंद पडली?"

"नाही मामा. चालूच आहे."

"मिसिंग झालं का? खरं सांगा."

"नाही हो. एकदम बरोबर चालली आहे. मी नदी बघत होते."

त्यांनी वाकून इंजिनावर तळहात ठेवला. चटका बसला तसा झटकन मागे घेतला आणि बोळक्या तोंडानं हसले. कवळी ते घरी ठेवून आले होते. ते हसू ओसरल्यावर त्यांनी पुढे वळून पुन्हा हँडल धरलं. मग माझ्याकडे न बघता, त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाई, मला ऐकू येत न्हाई. बोट थांबवत जाऊ नका."

हे वाक्य त्यांनी मामींनाही कधी म्हटलं नव्हतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती, बोलून उपयोग नव्हता. मी खांद्यावर एक टिचकी दिली. मामांनी गिअर टाकला.

तिथून दौंडपर्यंत मी ना ऊस बघितला, ना गाव बघितलं.